पळसाच्या पानाचा दुसरा ठसा

पानांचे मोनोप्रिंट, म्हणजे प्रत्येकी एकच प्रत निघणारे ठसे, घेताना एका पानापासून साधारणपणे तीन ठसे मिळतात, आणि त्यांतला दुसरा चांगला उठावा यासाठीच बाकीची सारी खटपट असते, हे नीट उमगायला मला एक अख्खा पावसाळा लागला. नागपुरातील आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरून, कोणतेही यंत्र न वापरता मी हे ठसे घेते. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिल्यानंतर रंगांशी माझा फारसा संबंध उरला नव्हता. तेव्हा यासाठी चित्रकला किती यावी लागते असे कोणी विचारले, तर जवळजवळ नाहीच, असे मी सांगते. पान कोणते निवडावे, रंग किती पातळ लावावा आणि त्या दिवशी हवा कशी आहे, या तीन गोष्टींकडे मात्र सतत लक्ष द्यावे लागते, आणि नागपुरात तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींना पुरून उरते.

कृती सांगायला सोपी आहे. जिलेटिनच्या मऊ प्लेटवर रबरी रोलरने अ‍ॅक्रिलिक रंगाचा अतिशय पातळ थर द्यायचा, त्यावर शिरांची बाजू खाली करून पान ठेवायचे, वर कागद अंथरायचा आणि तळहाताने सगळीकडे सारखा दाब द्यायचा. कागद उचलला की पानाभोवतीचा रंग कागदावर आलेला असतो आणि पानाच्या जागी कोरी आकृती राहते. हा पहिला ठसा. मग देठ चिमट्यात धरून पान हलकेच उचलायचे. पानाखाली झाकला गेलेला रंग अजून प्लेटवरच असतो, परंतु उंच उठलेल्या शिरा जिथे जिथे घट्ट टेकल्या, तिथला रंग त्यांनी आपल्याबरोबर नेलेला असतो. आता दुसरा कागद ठेवून, आधीपेक्षा जास्त वेळ आणि जास्त जोर लावून दाबले, की मधली शीर, तिच्यापासून फुटणाऱ्या उपशिरा, उपशिरांमधले बारीक जाळे, किडीने पाडलेली भोके, असे सगळे काही कागदावर उतरते. त्यात शिरा फिक्या आणि पाते गडद दिसते. उचललेल्या पानाला लागलेला रंग ओला असेल, तर तेच पान तिसऱ्या कागदावर दाबून उलट प्रकारचा ठसाही घेता येतो, ज्यात शिरा गडद असतात आणि पाते फिके.

घरी येणाऱ्या पाहुण्यांना बहुधा पहिला ठसाच आवडतो, कारण तो ठळक असतो आणि लांबूनही पान ओळखू येते. माझे मत वेगळे आहे. पहिल्या ठशात पानाची फक्त कड असते. तेवढ्यासाठी पुठ्ठ्याचे पान कापून ठेवले असते तरी चालले असते. खऱ्या पानाची गरज दुसऱ्या ठशाला आहे. मुद्राचित्रणाच्या इतिहासातही दुसऱ्या ठशाला स्थान आहे. १७ व्या शतकात जिनोआच्या जिओव्हान्नी बेनेदेत्तो कास्तिल्योने याने धातूच्या पत्र्यावर शाई लावून, एकच चांगला ठसा निघेल अशी चित्रे केली. पुढे १८७० च्या दशकापासून एदगार देगा याने अशी पुष्कळ चित्रे काढली, आणि पत्र्यावर उरलेल्या शाईतून दुसरा फिकट ठसा काढून त्यावर तो अनेकदा पेस्टलने काम करीत असे. देगाच्या दुसऱ्या ठशात पहिल्याचीच फिकी आवृत्ती असे. पानाच्या बाबतीत मात्र पहिल्यात मुळीच नसलेला मजकूर दुसऱ्यात येतो, एवढा फरक आहे.

प्लेट बाजारात तयार मिळते, आणि ती टिकाऊही असते, पण तिची किंमत आणि आकार पाहून मी घरीच करायचे ठरवले. वीस बाय पंचवीस सेंटिमीटरच्या सपाट तळाच्या ट्रेसाठी ६० ग्रॅम बिनचवीचे जिलेटिन, ३५० मिलिलिटर ग्लिसरीन आणि तेवढेच पाणी घेतले, की साधारण सव्वा ते दीड सेंटिमीटर जाडीची प्लेट तयार होते. औषधाच्या दुकानात ग्लिसरीनच्या लहान बाटल्याच मिळतात आणि त्या महाग पडतात. इतवारीच्या ठोक बाजारात मोठी बाटली बरीच स्वस्त मिळाली. जिलेटिन आधी थोड्या गार पाण्यात फुगवावे लागते. ते फुगले की उरलेले पाणी गरम करून त्यात घालायचे, ग्लिसरीन मिसळायचे आणि सगळे मिश्रण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात, प्रत्यक्ष आचेवर न ठेवता, पारदर्शक होईपर्यंत सावकाश ढवळायचे. जोरजोरात ढवळले तर फेस होतो आणि तोच फेस पुढे प्लेटच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे पाडतो. मिश्रण खळखळून उकळले तर जिलेटिनची पकड कमी होते. ट्रेमध्ये ओतल्यावर वर आलेले बुडबुडे वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून ओढून एका कडेला आणायचे आणि काढून टाकायचे. ट्रे अगदी समपातळीत ठेवावा लागतो. आमच्या घरातली एकही फरशी समपातळीत नाही, हे मला त्या दिवशी कळले. शेवटी ट्रेच्या एका कोपऱ्याखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवावा लागला.

या तयारीत सर्वांत आधी मिटवावा लागला तो भांड्यांचा प्रश्न. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात, हे सासूबाईंना ठाऊक होते, आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगून टाकले, "हाडांचं ते, माझ्या गंजात नको हं." "नाही आई, वेगळा गंज आणते," असे म्हणून मी या कामापुरते एक भांडे, एक पळी आणि एक गाळणे निराळे केले. पुढे त्यात रंगही गेला, तेव्हा खाण्याच्या भांड्यांपासून ते वेगळे असणे सर्वांच्याच हिताचे ठरले.

त्याच वेळी जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरून पाहावे, असेही मनात आले. ते समुद्रशेवाळापासून काढतात आणि एकदा घट्ट झाले की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही, त्यामुळे आमच्या उन्हाळ्यात ते टिकेल असा माझा हिशेब होता. ते वितळले नाही, हे खरे. परंतु त्याची प्लेट ठिसूळ होते, ठेवल्या ठेवल्या पाणी सोडते, आणि रोलर कडेवरून फिरला की तुकडा निघतो. पळसाच्या जाड पानाची मधली शीर तिच्यात रुतत नाही, तिला चिरते. ग्लिसरीनयुक्त जिलेटिन मात्र घट्ट बसलेल्या खरवसासारखे असते. पान दाबले की तेवढ्यापुरते खाली जाते आणि सोडले की पुन्हा वर येते. या लवचिकपणामुळेच हाताच्या दाबाने शिरांचा ठसा उठतो. काचेवर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर रंग लावून तेच केले, तर पानाच्या जाडीमुळे कागद भोवती अधांतरी राहतो आणि पानाच्या कडेने रंग न लागलेली पांढरी पट्टी उमटते.

आता हवेविषयी. जिलेटिन साधारण ३० ते ३५ अंशांच्या दरम्यान ढिले पडू लागते, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर चालू ठेवला तरी दुपारी खोलीत प्लेटला मानवेल इतका गारवा नसतो. अशा वेळी प्लेट हाताला चिकट लागते, कडा गोलसर होतात, पान उचलताना त्याच्याबरोबर जिलेटिनचा पापुद्रा येतो. फ्रिजमध्ये ठेवून काढलेली प्लेट काही वेळ काम देते, पण बाहेर येताच तिच्यावर दव धरते, आणि पाण्याच्या त्या थरावर रंग बसत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी पहाटे काम करते किंवा प्लेट वितळू देऊन भांड्यात भरून ठेवते. पुन्हा उकळत्या पाण्यावर पातळ करून ओतली की ती पूर्ववत होते. हा घरच्या प्लेटचा मोठाच गुण आहे, कारण चिरा पडल्या, खरवडल्या गेल्या किंवा रंगाचे डाग खोलवर गेले, तरी ती टाकावी लागत नाही.

रंगाची अडचण याहून अवघड आहे. अ‍ॅक्रिलिक रंग पाणी उडून गेले की वाळतो, आणि एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. कोरड्या उन्हाळी हवेत रोलर फिरवून, पान ठेवून, कागद सरळ करीपर्यंत थराच्या कडा वाळलेल्या असतात. पहिला ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो आणि दुसरा येतच नाही. यासाठी रंगात ग्लिसरीनचे थेंब मिसळते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवत असल्यामुळे रंग ओला राहण्याचा वेळ वाढतो, परंतु प्रमाण जास्त झाले की ठसा कित्येक दिवस चिकट राहतो आणि एकावर एक ठेवलेले कागद एकमेकांना बिलगतात. कूलरचा झोत टेबलावर येऊ न देणे हा त्याहून साधा उपाय आहे. झोत ओलसर असला तरी वारा तो वाराच, आणि रंग वाऱ्यानेच लवकर वाळतो. जून संपता संपता पाऊस स्थिरावला, की ही सगळी धावपळ थांबते. जुलै-ऑगस्टमध्ये तोच रंग काहीही न मिसळता दुसऱ्या ठशापर्यंत आरामात ओला राहतो.

योगायोगाने पानांचा हंगामही तोच आहे. आपल्याकडचे पळस आणि साग पानगळीचे वृक्ष आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळसावर फुलेच फुले असतात आणि पाने नसतात, साग तर उन्हाळ्यात उघडा पडलेला असतो. कोवळी पालवी शिरांचा ठसा देत नाही, कारण तिच्या शिरा अजून मऊ असतात. पावसाळ्याच्या मध्यावर पाने पूर्ण भरतात, पण अजून चिवट झालेली नसतात. पोळ्याच्या सुमारास घरांच्या दाराशी ठेवण्यासाठी पळसाच्या फांद्या नागपुरात बाजारात येतात, तेव्हा वेगळे कुठे जायलाही लागत नाही. एरवी मी सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर, अंबाझरीच्या बाजूला किंवा आमच्याच वसाहतीत फिरताना खाली पडलेली पाने उचलते. उद्यानांत आणि वनखात्याच्या जागेत झाडाला हात लावू नये हे खरेच, पण ठशासाठीही पडलेले ताजे पान बरे. ते थोडे मलूल झालेले असते आणि प्लेटवर सपाट बसते.

सर्वांत चांगला ठसा पळसाचा उठतो, असे मी ठामपणे सांगेन. त्याच्या तीन पर्णिकांपैकी मधली मोठी आणि बाजूच्या दोन किंचित तिरक्या असतात. खालच्या बाजूला शिरा स्पष्ट उठून आलेल्या असतात आणि त्यांच्यामधले जाळे इतके घट्ट असते की दुसऱ्या ठशात पात्याचा एकही कोपरा रिकामा राहत नाही. ज्या जाडपणामुळे त्याच्या पत्रावळी आणि द्रोण होतात, तोच इथे उपयोगी पडतो. उचलताना ते फाटत नाही आणि एकाच पानाचे लागोपाठ अनेक ठसे घेता येतात. मात्र ताजे पान ताठ असल्याने ते रात्रभर वर्तमानपत्रात, वर जड पुस्तके ठेवून, दाबून घ्यावे लागते. रात्रभर म्हणजे रात्रभरच. दोन-तीन दिवस राहिले की ते कडक होते, आणि कडक पानाचा देठ प्लेटला भोक पाडतो.

सागाने माझी बरीच परीक्षा पाहिली. पान इतके मोठे असते की ट्रेमध्ये त्याचा तुकडाच मावतो, आणि वरचा भाग खरखरीत असल्यामुळे प्लेटवर ओरखडे उठतात. कोवळे पान चोळले की हाताला लाल रंग लागतो, तोच रंग जिलेटिनमध्येही उतरतो आणि पुढच्या फिक्या ठशांवर तांबूस छटा येते. मला ती छटा आवडते, म्हणून सागासाठी मी जुनी, पुन्हा वितळवायला काढलेली प्लेट वापरते. पिंपळाचे पान दिसायला देखणे असले, तरी गुळगुळीत असते. त्याच्या शिरांचा ठसा मिळवायचा तर रंगाचा थर नेहमीपेक्षाही पातळ लागतो. त्यापेक्षा पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात कुजवून, वरचा मांसल भाग मऊ ब्रशने काढून उरलेली जाळी वापरावी. ही जाळी इतकी पातळ असते की तिच्या आरपार रंग कागदावर येतो, त्यामुळे पहिल्याच ठशात शिरा दिसतात. माझ्या नियमाला हा एकच अपवाद मला आढळला आहे.

नागपूरकर म्हणून संत्र्याच्या पानाकडून माझ्या फार अपेक्षा होत्या, आणि संत्र्याने त्या पुऱ्या केल्या नाहीत. पान तुकतुकीत, शिरा जेमतेम उठलेल्या. कितीही दाबले तरी कड आणि मधली शीर यांपलीकडे काही येत नाही. गुळवेलीचे पान याच्या अगदी उलट. बदामाच्या आकाराचे, पातळ, मऊ, कुंपणावर फुकट मिळणारे, आणि देठाच्या टोकापासून फाकणाऱ्या शिरा पहिल्या प्रयत्नात उमटवणारे. नवख्या माणसाने गुळवेलीपासून सुरुवात करावी. आपटा आणि कांचन यांचीही पाने फार चांगली उठतात, आणि दोन्हींची पाने मधोमध दुभंगलेली असली तरी ठसे शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो: आपट्याचे पान लहान, जाडसर आणि रुंदीला अधिक, तर कांचनाचे मोठे आणि पातळ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपट्याच्या फांद्या ओरबाडून विकायला आणतात, ते मला पटत नाही. मला एका ठशाला एक पान पुरते.

कडुनिंबाची डहाळी आकृतीसाठी सुरेख, पण तिची पाने उन्हाळी हवेत पाहता पाहता आक्रसतात. शेवग्याच्या पर्णिका दाबताच गळतात आणि प्लेटभर विखुरतात. गाजर गवताचे बारीक कातरलेले पान ठशात अप्रतिम दिसते, परंतु त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेवर खाज आणि चट्टे येतात, म्हणून हातमोजे घालूनच ते हाताळावे. रुई आणि कण्हेर मी घरात आणतच नाही. त्यांचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, आणि आमच्याकडे लहान मुले येत-जात असतात. वडाच्या पानाचा चीक तसा त्रासदायक नसला, तरी प्लेटवर चिकट डाग ठेवून जातो. देठाचे टोक थोडा वेळ वर्तमानपत्रावर टेकवून चीक गळू दिला की काम भागते.

पानांच्या शिरांची हुबेहूब नक्कल हाताने करणे किती अवघड आहे, याचा व्यवहारी उपयोग बेंजामिन फ्रँकलिन याने केला होता. अमेरिकेतील वसाहतींसाठी नोटा छापताना १७३७ च्या सुमारास त्याने खऱ्या पानांपासून घेतलेली छाप नोटांवर आणली, कारण खोट्या नोटा करणाऱ्या कोरक्याला ते जाळे जमणारे नव्हते. गुळवेलीचे दोन ठसे शेजारी ठेवून पाहिले, की त्याचा हिशेब पटतो. एकाच वेलीची दोन पाने असली, तरी त्यांची जाळी कुठेच जुळत नाहीत.

रंगाच्या थराबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण दुसरा ठसा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. रंग जाड असला की शिरा त्यात बुडतात, पाते आणि शिरा दोन्ही सारखेच रंग उचलतात, आणि पान काढल्यावर प्लेटवर नुसता गिचका उरतो. वाटाण्याएवढ्या रंगाचे दोन-तीन ठिपके माझ्या ट्रेला पुरतात. रोलर एकाच दिशेने फिरवून, उचलून, पुन्हा सुरुवातीपासून फिरवायचा. पुढे-मागे घासत राहिले तर रंग एका जागचा सुटून दुसऱ्या जागी जमतो. थर योग्य झाला की रोलरचा बारीक चरचर असा आवाज येतो. जाड थराचा आवाज पचपचीत असतो. शेजारी राहणारे निवृत्त कलाशिक्षक एकदा माझे काम पाहायला आले असता डोळे मिटून म्हणाले, "अजून रंग जास्त आहे, कागदाला पुसून घ्या." आवाजावरून थर ओळखता येतो, हे मी त्यांच्याकडून शिकले. जास्तीचा रंग जुन्या वर्तमानपत्रावर रोलर फिरवून काढता येतो, आणि ती वर्तमानपत्रेही फेकून देऊ नयेत; त्यांवर चढलेले रंगांचे थर पाकिटे आणि वह्यांची कव्हरे करायला चांगले असतात.

कागदासाठी सीताबर्डीच्या बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारा १२० ते १५० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज कागद मला सर्वांत सोयीचा वाटतो. पहिल्या ठशासाठी कोणताही कागद चालतो. दुसऱ्यासाठी मात्र गुळगुळीत आणि किंचित पातळ कागद हवा, कारण प्लेटवर उरलेला रंग अगदी थोडा असतो आणि खडबडीत कागदाच्या खळग्यांपर्यंत तो पोचत नाही. हातकागद वापरायचाच असेल, तर त्यावर पाण्याचा हलका फवारा मारून, दोन कोरड्या कागदांमध्ये दाबून, ओलावा सारखा झाल्यावर घ्यावा. ओलसर कागद वाळू लागलेला रंगही ओढून घेतो, म्हणून उन्हाळ्यात मी कार्ट्रिज कागदही असाच ओलसर करून घेते.

उन्हाळ्याविषयी एवढी तक्रार केल्यावर त्याचा एक मोठा फायदाही सांगितला पाहिजे. ठशाचे अनेक थर एकावर एक चढवायचे असतील, तर दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत एक ठसा कागदावर वाळू द्यायचा आणि त्याच कागदावर दुसऱ्या रंगाचा ठसा घ्यायचा. यात कागद पुन्हा नेमका त्याच जागी बसवण्याची कसरत असते. दुसऱ्या रीतीत कागदाऐवजी प्लेटवरच थर चढतात. गडद रंग लावून, पान ठेवून, पानाभोवतीचा रंग रद्दी कागदाने उचलून घ्यायचा, पान काढायचे, आणि उरलेला शिरांचा ठसा प्लेटवरच पूर्ण वाळू द्यायचा. त्यावर फिक्या रंगाचा, समजा हळदी पिवळ्याचा, नवा ओला थर रोलरने अलगद द्यायचा आणि लगेच कागद ठेवून, वर पाट आणि पुस्तके ठेवून पंधरा-वीस मिनिटे सोडून द्यायचे. पिवळा थर वाळताना कागदालाही चिकटतो आणि खालच्या वाळलेल्या ठशालाही, त्यामुळे कागद सोलून काढला की दोन्ही एकदम निघून येतात, आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर शिरांचे संपूर्ण जाळे दिसते. पावसाळ्यात प्लेटवरचा पहिला थर वाळण्याची वाट पाहत बसावे लागते, आणि घाई केली तर नवा रोलर जुना ठसा पुसून टाकतो. एप्रिलच्या सकाळी तोच थर पाहता पाहता वाळतो. थरांचे माझे बहुतेक चांगले ठसे त्यामुळे होळीनंतर आणि ऊन कडक होण्याआधीच्या सकाळींचे आहेत. त्यांत पाने मात्र कांचन, वड किंवा गुळवेल यांचीच असतात, पळस नसतो.

साफसफाई हा या छंदाचा कंटाळवाणा भाग आहे, पण टाळता येत नाही. प्लेटवरचा ओला रंग ओल्या मऊ कापडाने पुसून घेते. वाळलेला थर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवून सोडवते आणि नंतर साबणाच्या पाण्याने तेलाचा अंश काढून टाकते, कारण तेल राहिले तर पुढचा रंग ठिपक्यांनी फुटतो. रंगाचे पाणी मोरीत ओतत नाही. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, ते बादलीत निवळू देऊन खाली बसलेला गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून टाकते. प्लेट गुळगुळीत प्लास्टिकच्या शीटवर, झाकण असलेल्या डब्यात सपाट ठेवावी लागते. नुसत्या पाण्यात केलेली जिलेटिनची प्लेट चारदोन दिवसांतच बुरसते. ग्लिसरीनची बुरसत नाही, पण ग्लिसरीन चवीला गोड असल्यामुळे मुंग्या येतात, आणि जिलेटिनच्या पृष्ठभागात रुतलेली मुंगी पुढच्या प्रत्येक ठशात हजेरी लावते. डब्याभोवती हळदीची रेघ ओढावी, हा उपाय सासूबाईंचा.

ठसे पूर्ण वाळले की त्यांवर पेन्सिलीने नोंद करते. मुद्राचित्रकार चित्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात प्रतीचा क्रमांक, मधे शीर्षक आणि उजवीकडे सही करतात, असे शेजारच्या सरांनी सांगितले होते. मोनोप्रिंटची प्रत एकच असल्याने क्रमांकाच्या जागी १/१ लिहायचे. शीर्षकाच्या जागी मी झाडाचे नाव आणि पान कुठे सापडले ते लिहिते. कागदाच्या मागे महिना, सकाळ की संध्याकाळ, आणि रंगात ग्लिसरीनचे किती थेंब घातले ते टिपून ठेवते, कारण जुलैतले प्रमाण ऑक्टोबरात चालत नाही आणि ऑक्टोबरातले मार्चमध्ये.